दबलेली सीट

"ताई, लेकराला दुसऱ्या कुठल्याही ट्रॅक्टरवर बसवा, याच्यावर नको," म्हातारा चालक म्हणाला होता. तिने ते हसण्यावारी नेलं. एका फोटोपुरतं काय होणार होतं?

जुन्या ट्रॅक्टरांच्या नांगरणीचं प्रात्यक्षिक सुरू व्हायचं होतं. तिने आपल्या वर्षभराच्या मुलीला वर ठेवताच स्प्रिंगवरची ती लोखंडी सीट करकरली आणि धिप्पाड माणूस बसावा तशी पार खाली गेली.

"खाऊनपिऊन सुखी आहे पोर!" फोटो काढत नवरा म्हणाला.

तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं. सीट दबलेलीच राहिली.

मग म्हातारा वर चढला आणि उभ्यानेच नांगरू लागला. "बसा की आजोबा, मोकळीच तर आहे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. त्याने नुसती मान हलवली.

शेताच्या टोकाला वळताना सीट हलकेच वर आली. म्हाताऱ्याने हाताने ती चाचपून पाहिली. मग तो बसला, कित्येक वर्षांनी टेकावं तसा, आणि त्याचे डोळे गर्दीत तिला शोधू लागले.

घरी आल्यावर तिने मुलीला पलंगाच्या मधोमध झोपवलं आणि ती दूध तापवायला गेली. आतून करकर ऐकू आली.

ती धावली. मुलीच्या शेजारी गादी खोल दबली होती. तिथे कुणीच नव्हतं. झोपलेली मुलगी त्या उतारावरून हळूहळू तिकडे सरकत होती.

जुन्या ट्रॅक्टरवर लेकराला बसवून तुम्हीही कधी फोटो काढला असेल. ते आत झोपलंय ना? उठा, आधी गादी बघून या.