चौथं लिंबू

“आवाज कामून येईना रे ह्येचा?” गंगव्वानं विचारलं.

“येतच न्हाई, अव्वा. बॅटरीवर चालतंय न्हवं. चालू हाय का बंद हाय, शेजाऱ्याला बी कळायचं न्हाई,” चन्नवीर म्हणाला. बोलताना त्याची छाती फुगली होती, आणि ती फुगायलाच हवी होती.

हुमनाबादला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या बागेत गवत कापायचं जुनं यंत्र गंजत पडलं होतं, माणूस वर बसून चालवतो तसलं. चन्नवीरनं ते भंगारातून उचलून आणलं. खालची पाती काढली, पेट्रोलचं इंजिन उपसून टाकलं, ई-रिक्षाची मोटार आणि बॅटऱ्या बसवल्या. पुढं शेण-माती भरायला लोखंडी बकेट जोडलं. शेणाच्या पाट्या वाहून वाहून आईची, गंगव्वाची, कंबर गेली होती. वजन उचलू नका असं डॉक्टरनं बजावलं, तरी उजाडलं की पाटी डोक्यावर असायचीच. सांगून ऐकणाऱ्यातली ती नव्हे. तेव्हा पाटीच तिच्या हातून काढून घ्यायची, असं त्यानं मनाशी घेतलं होतं.

दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. गंगव्वानं बॉनेटवर विभूतीचे पट्टे ओढले, नारळ फोडला आणि चाकांखाली लिंबं ठेवायला घेतली. नवी गाडी लिंबं चिरडूनच पुढं गेली पाहिजे. चन्नवीर सीटवर बसला. चावी फिरवून त्यानं बकेट ऐटीत वर उचललं. त्याची बायको सुधारानी मोबाइल धरून समोर उभी राहिली.

तीन लिंबं ठेवून झाली. अंगणाला उतार, त्यामुळं चौथं घरंगळायला लागलं. गंगव्वा वाकली आणि ते चाकाखाली हातानंच धरून राहिली. इंजिन गुरगुरलं की हात काढायचा, त्यात काय मोठं? जन्मभर ट्रॅक्टर, जीप, लॉरी सगळ्यांनी तसंच केलं होतं. आधी गुरगुरायचं, मग हलायचं.

बकेटाआड ती चन्नवीरला दिसत नव्हती. गाडी सुरू झाली की माणसं आपसूक बाजूला होतात, एवढंच त्याला ठाऊक. बाजूला व्हा म्हणून सांगायची सवय त्याला नव्हती. ते काम आजवर इंजिनच करत आलं होतं. त्यानं पाय दाबला.

आईची किंकाळी ऐकू आली, तेव्हा चाक पुढं गेलेलं होतं.

बिदरच्या दवाखान्यातून गंगव्वा परतली. उजवा हात मनगटापाशी संपत होता. चन्नवीर घण घेऊन यंत्रापुढं उभा राहिला.

“मोडायलास कामून?” ती म्हणाली. “आता पाट्या मी उचलणार हाय का?”

त्यापेक्षा तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं घण खाली ठेवला. बैल विकल्यापासून गोठ्यात खुंटीला लटकत असलेली घंटा काढली आणि यंत्राच्या पुढच्या दांडीला तारेनं घट्ट बांधली.

आता यंत्र रोज शेण भरून उकिरड्याकडं जातं. वाटेत घंटा वाजत राहते. पहिल्याच ठोक्याला सोप्यात बसलेली गंगव्वा दचकते, उजवा हात झटक्यानं मागं ओढते आणि थोटं मनगट छातीशी धरते.

“निघाला बघ हात, ह्या बारीला,” ती सुनेला सांगते.