पहिली मिठी

गल्लीतल्या कुठल्याही लग्नात शिंपीणबाई खांबासारख्या उभ्या असायच्या. बसायच्या नाहीत, नाचायच्या नाहीत, कुणी मिठी मारायला आलं की लांबूनच हात हलवायच्या. “सगळी गल्ली त्यांच्याकडे कपडे शिवते ना, म्हणून भाव खातात,” असं बायका म्हणायच्या.

यंदा त्यांनी शिलाई मशीनला मोटर बसवली. “आता काय बाई, दुप्पट कामं घेणार!” शेजारच्या काकूंनी टोमणा मारलाच.

आणि काकूंच्याच मुलीच्या लग्नात शिंपीणबाई आल्या त्या थेट काकूंच्या गळ्यात पडल्या. नवरीला कवटाळलं, विहीणबाईंना हात धरून नाचायला ओढलं आणि दमल्यावर खुर्चीत ऐसपैस बसल्या.

काकूंना राहवेना. “अहो, मग आजवर आम्ही काय घोडं मारलं होतं तुमचं?”

“काही नाही हो! तुम्हा सगळ्यांचे कपडे वेळेवर देता देता माझाच ड्रेस अर्धा राहायचा. प्रत्येक लग्नाला टाचण्या लावून यायचे. मिठी मारली असती तर तुम्हालाच टोचलं असतं!” शिंपीणबाईंनी पुन्हा हात पसरले. “आज पहिल्यांदाच पुरता शिवून घातलाय. या बघू परत!”