समुद्राकडची खोली

चुन्याने माखलेले हात मी धूत होते, तेवढ्यात लेक फोनवर कुणाला तरी म्हणाला, "नाही मॅडम, यंदा वास अजिबात नाही. अंगणात वाळत घातलेला जवळा उद्याच उचलतोय."

मी तिथंच थबकले. होळीपासून हे घर मी पाहुण्यांसाठी तयार करत होते. भिंती रंगवल्या, गाद्यांना ऊन दाखवलं, माडाला झोपाळासुद्धा बांधून दिला. म्हटलं, पोराचा धंदा आहे. पण जवळा? पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा हाच आमच्या ताटात असतो, आणि तो वाळवायचं ऊन नेमकं याच दिवसांत पडतं.

"आई, आठ दिवसांसाठी वरची खोली घेतायत," तो फोनवर हात ठेवून कुजबुजला. "तेवढं सांभाळून घे ना."

"पाहुणे आठ दिवस, पावसाळा चार महिने," म्हणत मी ओल्या हातानेच फोन ओढून घेतला. "बाई, वास येणार. कोळ्याचं घर आहे, अत्तराचं दुकान नाही. नाकाला सोसत नसेल तर महाबळेश्वरला जा."

पलीकडून फोन बंद झाला. लेकाने कपाळावर हात मारला. "अगं, सगळ्यात महागडी खोली गेली हातची! समुद्राकडची!"

"म्हणजे रिकामी आहे?"

मी ओल्या जवळ्याची पाटी डोक्यावर घेतली, जिना चढले आणि त्या खोलीच्या नव्याकोऱ्या गॅलरीत सगळा जवळा पसरला. ऊन तिथंच सगळ्यात छान येतं.