ओक्लाहोमाची बदली

रहिवासाचा पुरावा म्हणून ऋजुताने बाबांच्या फाइलमधून त्यांच्या बदलीचं पत्र काढलं. तिला ओक्लाहोमातल्याच मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि राज्यात राहणाऱ्यांना तिथे फी निम्मी होती.

दोन वर्षांपूर्वी बाबांची ओक्लाहोमाला बदली झाली, तेव्हा ती खूप रडली होती. न्यू जर्सीतल्या तिच्या मैत्रिणी सुटल्या, बाबांचं मराठी मंडळातलं नाटक सुटलं. "तुम्ही कंपनीला नाही म्हणायला हवं होतं," असं ती त्यांना सतत ऐकवायची.

पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या विनंतीवरून बदली मंजूर करण्यात येत आहे.'

ती पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेली. बाबा भेंडी चिरत होते.

"बदली तुम्ही मागून घेतलीत?"

"तुला डॉक्टर व्हायचं होतं. इथे परवडेल असं वाटलं."

"मग दोन वर्षं माझी बोलणी का खाल्लीत?"

बाबांनी सुरी खाली ठेवली. "खरं सांगितलं असतं आणि तुला प्रवेश मिळाला नसता, तर तुला माझ्याकडे बघवलं नसतं."

तिला आत्ताही बघवेना. तिने त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं.