८०८० वर बसलेला

'पोर्ट ८०८० आधीच वापरात आहे.' तोच लाल संदेश पुन्हा आला आणि सर्व्हर सुरू होता होता बंद पडला. ॲपच्या कंपनीतून आलेल्या अंगदने कीबोर्डवरून हात उचलला. बोटांना काहीतरी चिकट लागलं होतं. त्याने ती रुमालाला पुसली आणि मग रुमालच फेकून द्यावासा वाटला.

काष्टीच्या त्या खासगी दूध संकलन केंद्रात आंबूस वास कोंदला होता. टेबलाखाली मालक आबासाहेबांची पिकदाणी, तिच्यावर माश्या. टेबलावर फॅट मशीन, आकडा दाखवणारी काच आतल्या बाजूला. रांगेतल्या माणसाच्या हाती फक्त छापील चिठ्ठी यायची. बाहेर कॅन उन्हात तापत होते. फॅट नोंदवून चिठ्ठी काढणारं ॲप सुरू झाल्याशिवाय दूध घेता येत नव्हतं.

"नासलं तर माघारी न्यायचं का रं बाबा?" रांगेत पहिल्या असलेल्या कडूबाईंनी विचारलं. "दुसरीकडं घातलं आसतं. पर हितं सत्यशीला बसल्यापास्नं फॅट बराबर लागतीया."

सत्यशीला ही आबासाहेबांची सून. बीसीए झालेली. दोन महिन्यांपासून कॉम्प्युटर तीच सांभाळत होती. आत्ता ती खिडकीशी उभी होती.

"काल आमच्या कंपनीनं ॲपची नवी आवृत्ती टाकली," अंगद आबासाहेबांना म्हणाला. "तुम्ही सुरुवातीला सांगितलेली सगळी सेटिंग पुन्हा जशीच्या तशी आली. मशीन आकडा ८०८० वर पाठवतं. पण त्या दारात आमच्या आधीच दुसरं कुणीतरी बसलंय."

"हुडका त्येला," आबासाहेब पिंक टाकून म्हणाले. "दोन महिनं झालं, हिशेबाचा मेळच बसंना."

अंगदने शोधलं. कॉम्प्युटर लावताच आपोआप उठणारा एक छोटासा प्रोग्राम सापडला. मशीनचा आकडा घ्यायचा, तो बदलायचा आणि मग दुसऱ्या पोर्टवरून ॲपला द्यायचा. फाइलवर नाव सत्यशीलाचं होतं.

त्याला शिसारी आली. त्याच्या आईने सोनईत जन्मभर डेअरीला दूध घातलं आणि फॅट कमी दाखवून पैसे मारणाऱ्यांना जन्मभर तळतळाट दिले. इथे तर शिकलीसवरली बाई, आणि बाहेर ती म्हातारी हिच्याच भरवशावर उन्हात उभी. पुढच्या ओळी वाचायचीही त्याला किळस वाटली.

"तेवढं राहू द्या ना, दादा," सत्यशीला हळूच म्हणाली. "ॲपच दुसऱ्या पोर्टवर लावा. आधी तसंच होतं."

"लाज वाटत नाही का हो, वहिनी?" अंगदचा आवाज चढला. "कुणाच्या तोंडचं काढताय?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अंगदने प्रोग्राम मुळासकट काढून टाकला आणि सर्व्हर लावला. या वेळी तो सुरळीत उठला.

"उद्यापास्नं हितं बसायचं न्हाई," आबासाहेबांनी सुनेला बजावलं. ती आत गेली.

पहिलं दूध कडूबाईंचं लागलं. चिठ्ठी निघाली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली.

"तीन आठच? रोज तर चारच्या वर लागती."

"आता बराबर लागतीया," आबासाहेब खुशीत म्हणाले. "इंजिनियर सायेब, बसा. च्या सांगतो."

अंगदने ॲपमधली आबासाहेबांची सेटिंग उघडली; तिथे ओळ होती, 'फॅट वजा ०.५'. त्याने फॅट मशीनच्या काचेकडे पाहिलं. तिथे ४.३ होते.