छापील तारीख

शोधनिबंध उघडला की त्याचा लेखक प्रकाशनाच्या दिवशी जसा होता तसा बोलायला लागे, याचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं. केतकीने प्रबंधासाठी आईचा शेवाळावरचा निबंध दोन डेटाबेसमधून मागवला, तर तारखा जुळेनात. ऑनलाइन मार्चमधला, छापील त्याच वर्षीच्या डिसेंबरमधला. मार्गदर्शक सरांचा नियम आधीची तारीख धरायचा, म्हणून तिने मार्च निवडला.

“विचारा ना,” आई म्हणाली. हा आवाज केतकीला आठवतही नव्हता. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती.

“तुम्हाला मुलं आहेत?”

“ऑगस्टमध्ये होईल. तुम्ही शेवाळाचं विचारा.”

सर लाल रेघ मारणार हे ठाऊक असूनही केतकीने तारीख बदलून डिसेंबर केली.

“जरा हळू बोला हं,” आई कुजबुजली. “केतकी आत्ता कुठे झोपलीय.”