कण्हला तो हरला

जपानच्या शिकोकू बेटावरच्या प्राण्यांच्या आश्रमात झुंजींतून सोडवलेली कुत्री सहा होती, आवाज करणारं एकही नव्हतं. झुंजीत जो कण्हला तो हरला, हीच त्यांची शिकवण. त्यातल्या म्हाताऱ्या कुरोमारूनं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. "दुखतंय कुठं ते सापडलं तरच ऑपरेशन करू," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर आज कायमचं निजवू." कुत्र्यांना सांभाळणाऱ्या चिझुरूनं कुरोमारूला धीर यावा म्हणून त्याला झुंजीसाठी तयार करणाऱ्या जुन्या वस्तादांना बोलावलं होतं. तिनं पाठ, मांड्या, पोट दाबलं. वस्तादांकडे बघत कुरोमारू थरथरला, पण गप्पच. "बघ पोरी, पठ्ठ्या अजून हरत नाही!" वस्ताद फुशारले. चिझुरूचा हात थबकला. "आजोबा, जरा बाहेर थांबता?" "अगं, मीच शिकवलंय त्याला!" "म्हणूनच." दार लागलं, खडीवरची पावलं लांब गेली. तिनं पुन्हा चाचपलं. उजव्या बरगडीखाली कुरोमारू कण्हला. बारीक आवाज दोन सेकंद टिकला.